उलटी प्रदक्षिणा : छोट्या विमानाचा परवाना काढताना

खासगी वैमानिकाच्या परवान्याचं प्लास्टिक कार्ड जानेवारी 2024 मध्ये पोस्टाने आलं. तेव्हापासून ओळखीतले लोक दोनच प्रश्न विचारतात, किती खर्च आला आणि भीती नाही का वाटली. दोन्हींची उत्तरं पुढे येतील. पण मला लिहायचंय ते उड्डाणाआधीच्या तपासणीबद्दल, म्हणजे प्रीफ्लाइटबद्दल. शिकायला लागले तेव्हा याबद्दल मला कुणी धड काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आम्ही ओहायोत डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं गाव. इथे दर दोन मैलांवर त्यांच्या नावाचं काहीतरी असतं, त्यामुळे डोक्यात किडा कुणी सोडला हे वेगळं सांगायला नको. मी मूळची कराडची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, वय एक्केचाळीस. फेब्रुवारी 2023 मध्ये नवऱ्याने वाढदिवसाला अर्ध्या तासाची ओळख-फेरी भेट दिली. उतरल्यावर मी तिथेच काउंटरवर विचारलं, पुढे काय करायचं?

पुढे कागद.

आम्ही वर्क व्हिसावर आहोत. नागरिक नसलेल्याला अमेरिकेत विमान चालवायला शिकायचं तर आधी टीएसए या सुरक्षा खात्याची परवानगी लागते. ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट, व्हिसा, मागच्या पाच वर्षांचे पत्ते, फी (तेव्हा 130 डॉलर) आणि बोटांचे ठसे. माझा अर्ज पहिल्या फटक्यात अडकला, तो नावामुळे. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब, आणि एका जुन्या कागदावर अजून वडिलांचंच. आपल्याकडे बाईच्या नावाचे किती अवतार होतात ते त्या बिचाऱ्या क्लार्कला कळणार कसं? तीन आठवडे त्यात गेले. म्हणून सांगते, पहिल्या फॉर्मपासून शेवटच्या फॉर्मपर्यंत नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, अक्षर न् अक्षर. तेव्हा, 2023 मध्ये, परवानगी आली की 180 दिवसांच्या आत शिक्षण सुरू करावं लागायचं, आणि पहिल्या दिवशी शाळेने तुमचा फोटो काढून टीएसएला पाठवायचा असतो. माझा फोटो डोळे मिटलेला गेलाय.

दरम्यान मेडिकल. खासगी वैमानिकाला तिसऱ्या वर्गाचं पुरतं. चाळिशीच्या आतल्यांना ते साठ महिने चालतं, आमच्यासारख्यांना चोवीस. आधी ऑनलाइन फॉर्म, मग नेमून दिलेल्या डॉक्टरकडे. रंगांचे ठिपके ओळखणं, कान, रक्तदाब, लघवी, 150 डॉलर. डॉक्टरांनी सध्या कोणती औषधं घेता विचारलं आणि मी सहज सेट्रिझिन म्हणाले. भारतातून येताना आपण पट्ट्याच्या पट्ट्या आणतो, शिंक आली की एक गोळी. विमान चालवणाऱ्याला ती चालत नाही, कारण तिने गुंगी येते. ॲलर्जीचं दुसरं, चालणारं औषध डॉक्टरांनी सुचवलं. घरातल्या औषधांच्या डब्यावर आधीच एक नजर टाकून जा.

विद्यार्थी वैमानिकाचं प्रमाणपत्र फुकट असतं, तेही तीन आठवड्यांत आलं. एप्रिलच्या मध्यात पहिला धडा.

आमचे इन्स्ट्रक्टर सत्तरीचे. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणते. विमान सेसना 172, मॉडेल एन, 1978 सालचं, माझ्याहून चारच वर्षांनी मोठं. मला वाटलं होतं आता बसायचं आणि निघायचं. मास्तरांनी हातात चेकलिस्ट दिली आणि पहिला पाऊण तास आम्ही नुसते विमानाभोवती फिरलो.

डाव्या दारापासून सुरुवात. स्टिअरिंग अडकवून ठेवणारी लॉकची पिन काढा, इग्निशन बंद आहे बघा आणि किल्ली काढून डॅशबोर्डवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, कारण मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, वायर तुटलेली असेल तर हाताने नुसता प्रोपेलर फिरवला तरी इंजिन उसळू शकतं. मग शेपटीकडे. मग उजवा पंख, मग नाक, मग डावा पंख आणि परत दारापाशी. विमान सतत आपल्या डाव्या हाताला. त्या रात्री फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. ते कराड आगारात एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उलटी प्रदक्षिणा घालतेस की गं. शंकराला सुद्धा अर्धी घालतात."

तेव्हापासून आमच्या घरात प्रीफ्लाइटला उलटी प्रदक्षिणा हेच नाव आहे.

पहिले दहा-बारा धडे मी ती अगदी मन लावून घातली. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीच्या, बिजागऱ्यांमधल्या पिना बोटाने चाचपायच्या. प्रोपेलरच्या कडेवरून तळहात फिरवायचा, कुठे खडा लागून खाच पडली आहे का बघायला. ऑइलची पट्टी पुसून परत घालायची. आमच्या इंजिनात सहा क्वार्ट मावतं (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर), चारच्या खाली असेल तर उडायचंच नाही. इंजिनाच्या पुढच्या भोकांतून टॉर्च मारायचा, कारण वसंतात साळुंकीसारखे स्टार्लिंग तिथे काड्या कोंबतात, आणि सकाळी मोकळं असलेलं भोक जेवणाच्या सुट्टीनंतर भरलेलं सापडू शकतं. पेट्रोल किती आहे ते आतल्या काट्यांवर विसंबून ठरवायचं नाही. शिडीवर चढून टाकीचं झाकण उघडायचं आणि पट्टी बुडवून बघायचं. सगळ्यात गंमत डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला. तिथे एक बारीक भोक असतं. त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली की जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. पंखाची उचल संपत आली की वाजणारा भोंगा तो. शेजारच्या हँगरमधले लोक बघत असताना विमानाच्या पंखाला तोंड लावून उभं राहायची लाज वाटायची. नंतर गेली.

जूनपर्यंत सगळं पाठ झालं, आणि तिथेच घोळ सुरू झाला. वीस-पंचवीस वेळा तपासणी केली आणि एकदाही काही निघालं नाही, की डोळे बघायचं सोडतात. हात झाकणावर असतो आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार. घराला कुलूप लावून आपण ते ओढून बघतो ना, आणि जिना उतरल्यावर आठवत नाही की ओढलं होतं का, अगदी तसं.

जुलैच्या एका शनिवारी नवरा आणि मुलगा बघायला आले होते. मी डाव्या पंखापाशी होते, एवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, इकडे बघ, फोटो." बघितलं, हसले, दोन फोटो झाले. परत वळले ती थेट पुढच्या ओळीवर. मास्तर ऑफिसातून लॉगबुक, म्हणजे विमानाच्या नोंदींची वही, घेऊन येत होते. बसलो, इंजिन सुरू, धावपट्टीवर आलो, पूर्ण पॉवर दिली. आता 'एअरस्पीड अलाइव्ह' म्हणायचं असतं, म्हणजे वेगाचा काटा हलायला लागला. वेग 55 नॉट, म्हणजे ताशी 55 सागरी मैल झाला, की नाक उचलायचं. धावपट्टी पायाखालून पळत होती आणि काटा शून्यावर झोपलेला. मी पॉवर काढली आणि ब्रेक मारले. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, उतरून पाहिलं तर पिटो नळीवरचं कापडी कव्हर जागच्या जागी आणि त्याची लाल पट्टी वाऱ्यावर हलत होती. त्या पट्टीवर ठळक अक्षरात लिहिलंय की उड्डाणाआधी काढा.

पिटो ही पंखाखालची बोटभर नळी. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्यावरून वेग कळतो. ती बुजली की काटा खोटं बोलतो. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 जण गेले. तपास करणाऱ्यांच्या मते विमान उभं असताना एका पिटो नळीत बहुधा किड्याने घर केलं होतं, आपल्याकडे कुंभारीण म्हणतात त्या जातीच्या गांधीलमाशीने. कराडच्या घरी खिडकीच्या चौकटीत तिची मातीची घरटी मी लहानपणी काडीने फोडायचे. मास्तरांनी ही हकीकत ओरडून सांगितली नाही, कॉफी पिता पिता सांगितली, ते जास्त लागलं. आणि एक नियम दिला. तपासणीत कुणीही मध्ये बोललं, फोन वाजला, काहीही झालं, तर त्या पंखाची तपासणी पहिल्यापासून. राहिलं तिथून पुढे नाही.

त्याच महिन्यात आम्ही इथल्या एअर फोर्सच्या म्युझियमला गेलो. पूर्वी दोनदा पाहिलं होतं. या खेपेला मी चेकलिस्टचा इतिहास वाचून गेले होते, तो याच गावात घडलाय. 30 ऑक्टोबर 1935 ला राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299, म्हणजे पुढच्या बी-17 बॉम्बरचा पहिला नमुना, वर चढला आणि पडला. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे लेस्ली टॉवर यात गेले. दोघेही कसलेले वैमानिक. विमान उभं असताना वाऱ्याने शेपूट हलू नये म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी छापील यादी वापरायला सुरुवात केली. तरीही 31 मे 2014 ला मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या धावपट्टीवर गल्फस्ट्रीम जेट याच कारणाने जळालं, सात माणसं गेली. त्या वैमानिकांच्या आधीच्या 175 उड्डाणांची नोंद तपासली तेव्हा 98 टक्के वेळा त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघितलंच नव्हतं असं निघालं. दोघेही अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. हे वाचल्यावर माझ्या पंचविसाव्या तपासणीची मला भीतीच वाटली.

ऑगस्टमध्ये पहिला सोलो, म्हणजे एकटीचं पहिलं उड्डाण, झाला. त्याबद्दल सगळे पानं भरभरून लिहितात, मी लिहीत नाही. शेजारची सीट रिकामी असल्याने विमान हलकं होतं आणि बेडकासारखं वर उडी मारतं, एवढं मात्र आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. लेखी परीक्षाही त्याच महिन्यात, साठ प्रश्न, पास व्हायला 70 टक्के, फी 175 डॉलर. मला 87. चुकलेल्या प्रश्नांचे विषय निकालपत्रावर येतात आणि पुढे तोंडी परीक्षेत एक्झामिनर नेमकं तेच विचारतात. ते कागद फेकू नका.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितेय तो दिवस. 16 सप्टेंबर, शनिवार. माझा लांबचा एकटीचा प्रवास. यात एकूण 150 सागरी मैल, तीन ठिकाणी उतरायचं आणि एक टप्पा सरळ रेषेत 50 मैलांहून मोठा. हा झाला की अंतिम परीक्षा, चेकराइड. एक्झामिनर सहज मिळत नाहीत. सहा आठवडे थांबून मला 27 सप्टेंबरची तारीख मिळाली होती. हवामानामुळे हा प्रवास आधीच दोनदा रद्द झालेला. त्या सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, वारा नाही. विमान मात्र दोन दिवस पावसात बाहेर उभं होतं.

उजव्या पंखाखाली गेले. टाकीच्या तळाला झडप असते, ती पारदर्शक कपाच्या टोकाने दाबून थोडं पेट्रोल काढायचं. विमानाचं पेट्रोल, 100एलएल, रंगाने फिकट निळं असतं. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाला बसतं आणि कपात खाली गोट्यांसारखे थेंब दिसतात. मी कप भरला आणि वर धरला. एकही थेंब नाही, मध्ये रेघ नाही, कचरा नाही. निळसर. पुढे निघाले.

दोन पावलं गेल्यावर काहीतरी खटकलं. काय ते कळायला क्षणभर लागला. वास. पेट्रोलचा वास नेहमी नाकात बसतो, हात धुतले तरी दुपारपर्यंत जात नाही. आज नाकात ओल्या गवताचा वास होता. कप पंखाच्या पांढऱ्या पत्र्यासमोर धरला. निळा रंग नाहीच. निळं होतं ते मागचं आकाश. बोट बुडवलं, पेट्रोल लगेच उडून जातं, बोट गार पडतं. हे बोट नुसतं ओलं राहिलं.

अख्खा कप पाण्याचा होता. थेंब दिसणार कुठून?

दुसरा कप, तिसरा, चौथा. पाचव्या कपात रेघ आली, वर निळं, खाली पांढरं. पंख हलवला आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा काढलं, की परत पाणी. डाव्या टाकीत काही नव्हतं. मी मास्तरांना फोन केला. फोन लागेपर्यंत डोक्यात काय चाललं होतं तेही प्रामाणिकपणे लिहिते. 'अजून दहा कप काढले तर येईल की स्वच्छ. आकाश बघ कसलं आहे. 27 तारीख गेली तर नोव्हेंबर उजाडेल.' हे सगळं मीच मला सांगत होते, आणि पटवूनही देत होते. मास्तर म्हणाले, "विमान बांध आणि घरी जा. मेकॅनिकला मी कळवतो."

मेकॅनिकने दुपारी पाहिलं. टाकीच्या झाकणातला रबराचा ओ-रिंग चिरला होता, तिथून पाऊस आत. मी त्याला विचारलं, तशीच उडाले असते तर? तो म्हणाला, नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, धावपट्टीपर्यंत नेतं, आणि कधीकधी नेमकं उडाल्यावर पाणी पोचतं. त्याने हे ज्या आवाजात सांगितलं तो आवाज पंक्चर काढणाऱ्याचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पिटोच्या वेळी निदान मला माझी चूक माहीत होती. इथे मी यादीप्रमाणे सगळं केलं होतं आणि तरी दोन पावलं पुढे गेले होते.

27 तारीख गेलीच. लांबचा प्रवास ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, काहीही न घडता. नवी तारीख 8 नोव्हेंबर.

चेकराइडला तोंडी परीक्षा दोन तास चालली. निम्मा वेळ विमानाच्या कागदांवरच. वार्षिक तपासणी कधी झाली, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) चोवीस महिन्यांची चाचणी कुठे लिहिलीय, आपत्कालीन ट्रान्समीटरची बारा महिन्यांची कुठे. आदल्या संध्याकाळी मी लॉगबुकच्या त्या पानांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, तुम्हीही लावा. मग त्यांनी विचारलं, लँडिंग लाइट बंद आहे, उडशील का? दिवसा उडताना तो लागत नाही, भाड्याने नेत नसू तर रात्रीही कायद्याने लागत नाही. बंद करायचा, तसं चिठीवर लिहून लावायचं आणि मग ठरवायचं. आणि विमान उडण्याजोगं आहे हे शेवटी कुणी ठरवायचं? मेकॅनिकने नाही, विमान देणाऱ्या फ्लाइंग क्लबने नाही. नियम 91.7 प्रमाणे ती जबाबदारी मुख्य वैमानिकाची.

बाहेर आलो तर पंखांवर दहिवर गोठलेलं. सँडपेपरइतका खरखरीत थरही पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो. उन्हात शेपूट फिरवून तासभर थांबलो, मग प्रदक्षिणा. एक्झामिनर माझ्याबरोबर चालत होते आणि नेमक्या डाव्या पंखापाशी त्यांनी भारतातल्या जेवणाबद्दल विचारायला सुरुवात केली. मी दोन वाक्यं बोलले, मग म्हणाले, "माफ करा, हा पंख मी परत पहिल्यापासून बघते." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते आजवर कळलेलं नाही.

इंजिन तपासून होईपर्यंत वारा वाढला, झोताझोताने येऊ लागला. मीच म्हणाले, आज नको. त्यांनी खंडित परीक्षेचं पत्र दिलं. ते साठ दिवस चालतं, तोंडी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. नऊ दिवसांनी परत गेले, त्यांचे येण्याचे शंभर डॉलर वेगळे. त्या दिवशी झालं. हातात कागदी तात्पुरता परवाना, 120 दिवसांचा.

हिशोब सांगते. किमान चाळीस तास लागतात, मला त्रेसष्ट लागले. विमान तासाला 150, मास्तर तासाला 60, एक्झामिनर 800, जुना हेडसेट 300, विमा, पुस्तकं. सगळं धरून पंधरा हजार डॉलरच्या आतबाहेर. पेट्रोल तपासायचा कप पंधरा डॉलरला मिळतो, तो स्वतःचा घ्या. क्लबचा कप वापरून वापरून धुरकट झालेला असतो आणि त्यात रंग कळत नाही. भारतात शिकणाऱ्यांसाठी तासांचा आकडा तोच, चाळीस. मेडिकल मात्र तिथे दुसऱ्या वर्गाचं, आणि रेडिओचा परवाना वेगळा काढावा लागतो.

मे महिन्यात आई-बाबा आले. बाबांना पहिल्यांदा विमानतळावर नेलं. मी नेहमीप्रमाणे डाव्या दारापासून सुरू केलं आणि ते मला न विचारता दुसऱ्या बाजूने, सुलटे निघाले. नाकापाशी आमची गाठ पडली. तोवर ते वाकून तिन्ही चाकं बघून आले होते, बुटाने एक-एक ठोकूनही.

"हवा बरोबर आहे," म्हणाले. मग पोटाखाली डोकावले, मागचा सामानाचा दरवाजा उघडून आत पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "स्टेपनी कुठाय गं?"